रक्ताचं बाळंतपण

मी रक्त दिलं आणि माझं बाळंतपण सुरू झालं. पोर वगैरे काही झालं नव्हतं; पोर आधीचीच, सात वर्षांची वैष्णवी, आणि ती दारात उभी राहून तिच्या बाबांना विचारत होती की आजीनं आईचे कान कशाला बांधलेत. रामेश्वरला हसू आवरेना. तो म्हणाला, "आजीला विचार, मला त्यातलं कळत नाही," आणि चहाचा कप घेऊन गच्चीत सटकला. माणूस नेमका अशा वेळी गच्चीत जातो. मी दिवाणावर पडले होते, डोक्याभोवती आईनं आणलेलं फडकं करकचून बांधलेलं, खोलीभर ओव्याची धुरी, आणि ऐन ऑक्टोबरातल्या उन्हात पंखा बंद. दिवाणाखाली शेगडी ठेवायला जागा नव्हती, कारण त्याच्या पोटात आमच्या जादा गाद्या आणि रामेश्वरची जुनी पुस्तकं. याचं आईला फार वाईट वाटलं. बाज असती तर खालून शेक देता आला असता, असं ती दोनदा म्हणाली आणि प्लायवूडच्या त्या दिवाणाकडे तिनं वैऱ्याकडे बघावं तसं बघितलं.

झालं होतं एवढंच. अंबाजोगाईच्या आमच्या कॉलेजात रक्तदान शिबिर होतं. मी तिथं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे मुलांना रांगेत उभं करायचं काम दरवर्षी माझ्याकडे. यंदा एका मुलीनं भाबडेपणानं विचारलं, मॅडम, तुम्ही नाही देत? आणि मी बाही वर सारली. नवरात्राचा उपास होता. काही खाल्लंय का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी हो म्हणाले. राजगिऱ्याचा लाडू खाल्लाच होता. बोट टोचून रक्ताचा थेंब त्यांनी निळ्या पाण्यात सोडला. तो थेंब क्षणभर मधेच थबकला, जावं की न जावं असा, आणि मग बुडाला. बुडाला म्हणजे पास. पिशवी शेजारच्या छोट्या पाळण्यासारख्या यंत्रावर हलत होती आणि मी तिच्याकडे बघत होते. माझ्यातलं इतकं काही बाहेर येऊन असं निवांत झोके घेतंय, याची मला गंमत वाटत होती. उठले, बिस्किटांच्या टेबलापर्यंत गेले, आणि लोकांचे आवाज एकाएकी शेजारच्या खोलीत गेल्यासारखे झाले. तोंडात लोखंडाची चव आली, विळीवर कापलेलं बोट चोखल्यावर येते तशी. नंतर डोळे उघडले तेव्हा माझे विद्यार्थी माझ्यावर वाकले होते आणि माझे पाय कुणीतरी खुर्चीवर ठेवले होते.

डॉक्टरीणबाई बऱ्या होत्या, रागावल्या नाहीत. रक्तातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून येईल, म्हणाल्या, पण गेलेलं लोह भरून यायला महिने लागतात. लोहाच्या गोळ्या दिल्या. चहा-दुधाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्याबरोबर घ्या, शौचाला काळी होईल, घाबरू नका. हे सगळं मी फळ्यावर कितीदा लिहिलंय. हिमोग्लोबिनच्या पोटात लोहाचा अणू काढून त्याला लाल खडूनं गोल केलाय. पण जिना चढताना पहिल्या मजल्यावरच छाती भात्यासारखी हलायला लागली तेव्हा तो लाल गोल मला पहिल्यांदा खरा वाटला. रामेश्वरनं घाबरून आईला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आई नांदूरघाटच्या पलीकडच्या आमच्या गावाहून दारात हजर. बरोबर गाठोडं. त्यात खारीक, खोबरं, डिंक, अळीव, बाळंतशेपा, ओवा आणि गुळाची ढेप. हे सगळं तिनं रातोरात कुठून जमवलं कोण जाणे.

"कावून दिलंस गं रगत? कुनाला लागलतं?" तिनं चप्पल काढायच्या आधी विचारलं.

"कुणाला नाही. शिबिर होतं."

"मंग दिलं कुनाला?"

"ज्याला लागेल त्याला देतात आई."

"म्हंजी वळख ना पाळख." तिनं माझा हात उलटा करून कापसाचा बोळा लावलेली जागा बघितली. मग निकाल दिला. "बाईच्या आंगातून येवडं रगत बाळंतपनातच जातं. तसंच समदं करावं लागंल."

मी हरकत घ्यायला हवी होती. जीवशास्त्राची बाई म्हणून तर नक्कीच. पण तिनं फडकं झटकून माझ्या कानांवरून घेतलं, हनुवटीखाली गाठ मारली, आणि गाठ मारताना तिची बोटं माझ्या गळ्याला लागली, तशी माझी सगळी हरकत कुठल्या कुठे गेली. या घरात इतकी वर्षं मी कुणाची तरी आई आणि कुणाची तरी मॅडम होते. लेक होऊन पडायची सवयच गेली होती. मी डोळे मिटून घेतले आणि बाळंतीण व्हायला तयार झाले.

खरं तर हे बाळंतपण सात वर्षांपूर्वीचं, तेव्हाच व्हायचं राहिलेलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण वैष्णवी पौषात झाली, आणि पौषात आमच्या माहेराला कुलूप असतं. आईआबा तेव्हा सांगलीकडं उसात, तोडणीला होते. दसरा झाला की टोळ्या निघतात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, असं मुकादम धरतो, त्यामुळे एकट्यानं मागं राहायची सोयच नाही. माझं अख्खं लहानपण त्या कुलपाच्या अलीकडे-पलीकडे गेलं. थोडं चुलती कडूबाईच्या घरी, मग शाळेच्या हंगामी वसतिगृहात. बाळंतपण सासूबाईंनी केलं, लिंबागणेशला, आणि फार चांगलं केलं, कसली कसर ठेवली नाही. तरी रोज शेक घेताना मला वाटायचं की हे हात दुसरे हवे होते. आई आली तेव्हा वैष्णवी पालथी पडायला लागली होती. आईनं तिला मांडीवर घेतलं आणि हाताच्या मागच्या बाजूनं तिचा गाल कुरवाळला. तळहात लावलाच नाही. उसाच्या पाचटानं तळहात चिरलेले असतात, ते बाळाला खरखरीत लागतील म्हणून. मी ते बघितलं.

म्हणून आता अळिवाची खीर आली, डिंकाचे लाडू आले, नवरात्र उठल्यावर जावयाला पिटाळून बाजारातून कलेजी आणवली गेली. कॉलेजातून आले की माझी रवानगी थेट दिवाणावर. जेवण झालं की आई गोळी आणि दुधाचा पेला घेऊन यायची. "दुदाबरुबर घी, ताकद येती." दुधानं लोहाची गोळी निम्मी वाया जाते हे मला ठाऊक होतं आणि पेला धरलेला तिचा हातही दिसत होता. मी दूध प्यायचे. गोळी जिभेखाली ठेवून नंतर लिंबूपाण्याबरोबर गिळायची युक्ती मी शोधून काढली होती. तोंड गंजल्यासारखं व्हायचं, पण दोन्ही बाजू राखल्या जायच्या. आठवडाभरात जिना सोपा झाला. सकाळी उठल्यावर डोकं जड नसे. मी वर्गात उभी राहून शिकवू लागले, आणि एका दुपारी लक्षात आलं की मला भूक लागलीय, अगदी लहानपणी लागायची तशी खणखणीत भूक.

आणि मग पणत्या. दिवाळी जवळ आली म्हणून मी मातीच्या पणत्या आणून स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवल्या होत्या. रविवारी सकाळी पाण्यात भिजवायला घेतल्या तर एकीचा काठ गेलेला, दुसरीचा काठ गेलेला. फुटल्या नव्हत्या. बारीक बारीक कुरतडल्या होत्या. मी आधी उंदराला शिव्या घातल्या. मग वळले तर आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून भाजी निवडत होती आणि तिचा जबडा हलत होता. कुरकुर असा बारीक आवाज येत होता. तिनं मला बघितलं आणि पटकन गिळलं. शाळकरी पोरीनं चिंच गिळावी तसं.

"माती खातेस तू?"

"कुठं! जरा वास चांगला येतो भाजल्या मातीचा. तोंडात टाकला तुकडा."

अंगात लोह उरलं नाही की माणसाला माती खावीशी वाटते, खडू खावासा वाटतो. हेही मी वर्गात सांगते, मुलं हसतात, मीही हसते. मी आईचा चेहरा खिडकीकडे फिरवला आणि डोळ्याची खालची पापणी ओढली. आतली कड पांढरी होती, तांदळाच्या धुवणासारखी. नखं चपटी, मधे खोलगट. जिन्यावरून भाजी आणताना ती प्रत्येक वळणावर पिशवी टेकवून उभी राहते हे मी रोज बघत होते आणि मला वाटत होतं की ती शेजाऱ्यांची दारं न्याहाळतेय. उसातल्या कित्येक बायांसारखी तिचीही गर्भपिशवी काढलेली, त्याआधीची कित्येक वर्षं पाळीत रक्त वाहून गेलेलं, आणि ती माझ्या बाटलीभर रक्तासाठी गाठोडं घेऊन आली होती. मी धडधाकट बाई कान बांधून पडले होते आणि जिच्यात रक्तच नव्हतं ती मला शेक देत होती. मला इतकी लाज वाटली आणि इतकं भरून आलं की मी तिच्यावर ओरडले. प्रेमाचं माणूस हातातून निसटतंय असं दिसलं की मी ओरडते, ही माझी जुनी सवय.

दवाखान्यात चल म्हटलं तर आली नाही. "मला काय धाड भरलीय?" गोळी पुढं केली तर हात मागं घेतला. "तुजं औशिद मी कशी खाऊ? रगत तुजं गेलंय. माजं कुठं गेलंय?" तिच्या हिशेबी रक्त पिशवीत भरून दुसऱ्याला दिलं तरच गेलं. थेंबाथेंबानं, वर्षावर्षानं गेलेलं तिच्या मोजदादीत नव्हतं. मी तिच्या नावानं नवी पाकिटं आणली तर ती तिनं वैष्णवीच्या हातून परत माझ्या पर्समध्ये ठेववली. रामेश्वरनं समजावून बघितलं. त्याला तिनं "व्हय जावईबापू, घेते की," म्हणून गोड बोलून वाटेला लावलं. त्याच संध्याकाळी आबांचा फोन आला. टोळी दिवाळी झाली की निघणार, मुकादम विचारतोय. मी आतल्या खोलीतून ऐकत होते. आई म्हणाली, "आपली वर्षी बरी झाली की येते. आता सुधरलीया. जिना चढती."

ही बया पुन्हा उसात जाणार. थंडीत पहाटे फडात उभी राहणार, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरवर चढणार, या पांढऱ्या पापण्यांनिशी. एखाद्या सकाळी ती फळीवरून खाली येईल आणि मला फोन येईल, हे चित्र मला स्पष्ट दिसलं. तिला थांबवायचा एकच उपाय माझ्या हातात होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून उभी राहिले, भिंतीला धरलं आणि म्हणाले, "आई, गरगरतंय."

नाटक मला चांगलं जमतं असं नाही. पण आईला ते बघायचंच होतं बहुतेक. तिनं पुन्हा कान बांधले. मी पुन्हा आडवी झाले. सुधारणा दिसायला नको म्हणून मी गोळीही गिळेनाशी झाले; जिभेखालून काढून ताटात, उरलेल्या भाकरीच्या तुकड्याखाली सरकवायची. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर आई भिंतीला टेकून खाली बसली होती. समोर माझं ताट. स्वतःचं ताट तिनं कधी वाढून घेतलेलं मला आठवत नाही. आमच्याकडं बाईचं जेवण म्हणजे सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते. लहानपणी मी मुद्दाम भात टाकायचे आणि तिला वाटायचं पोरगी खात नाही. ती माझ्या वाटीतली खीर बोटानं पुसून खात होती. मग तिनं भाकरीचा तुकडा उचलला. खाली ती गोळी. तिनं ती चिमटीत धरून उजेडात बघितली, पदराला पुसली आणि इकडंतिकडं न बघता तोंडात टाकली. वर माझ्याच पेल्यातलं उरलेलं पाणी प्यायली.

मी आवाज न करता मागं फिरले आणि दिवाणावर येऊन बसले. पोटातून हसू येत होतं आणि त्याच वेळी रडूही येत होतं, आणि दोन्हींना एकच रस्ता होता. इतकं मी विनवलं, रागावले, जावयाला मधे घातलं, तरी जी बाई औषधाला शिवली नाही, तिनं उष्टी गोळी खाल्ली होती. टाकायची कशी? तिला द्यायला गेलं की ती घेत नाही. तिच्यापुढं काही उरलं की मात्र ते तिचं होतं. आयुष्यभर ती अशीच जेवली होती, आणि मला इतक्या शिक्षणानंतरही ते समजायला एक गोळी ताटात टाकावी लागली.

मी डॉक्टरीणबाईंना एकटीनं जाऊन भेटले. पापणीचं, नखांचं, पणत्यांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, गोळी तीच चालेल, पण रक्त तपासायला घेऊन या, जेवढ्या लवकर जमेल तेवढ्या लवकर. मी हो म्हटलं. आणि तोवर काय करायचं ते मला कळलं होतं. माझ्या वाट्याची गोळी मी कॉलेजात स्टाफरूममधे लिंबूपाण्याबरोबर घ्यायला लागले, आणि घरातली ताटात. त्याबरोबर कलेजीचे दोन तुकडे टाकायचे, अर्धी खीर टाकायची, लाडू खाता खाता ठेवून द्यायचा. दुधाचा पेला मी रिकामा करायचे आणि शेजारी लिंबाचं सरबत अर्धं सोडायचे. "आन्न टाकू ने," आई कुरकुरायची आणि ताट आत घेऊन जायची. रामेश्वर एकदा म्हणाला, "अगं, ही कलेजी मी रांगेत उभं राहून आणतो," मग त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुढच्या वेळी थोडी जास्त घेऊन आला. बरा माणूस आहे. खिडकीतल्या पणत्या मी मुद्दाम तिथंच राहू दिल्या. वसुबारसेपर्यंत आणखी एकीचाही काठ गेला नव्हता.

कधीकधी मला वाटायचं तिला माहीत असणार. रोज एक गोळी माझ्या ताटातून तिच्या पोटात जातेय म्हणजे ती माझ्या पोटात जात नाहीये, एवढं तिला कळत नसेल? तरी ती मला विचारत नव्हती. रोज पंखा बंद करून माझ्या तळपायांना तेल चोळत होती आणि मी अशक्त असल्यासारखी कण्हत होते. दुपारी ती माझ्याशेजारी आडवी व्हायची. इतक्या वर्षांत दिवसाउजेडी तिला पाठ टेकलेली मी पहिल्यांदा बघत होते. झोपेत तिचं तोंड जरासं उघडं असायचं. ओठांना हळूहळू रंग येत होता, की मला तसं वाटत होतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आबा तिला न्यायला आले. धुतलेलं धोतर, हातात वैष्णवीसाठी गोडीशेवेची पुडी. दारातूनच त्यांनी मला नखशिखांत बघितलं. मी कान बांधायचे विसरले होते आणि चकली खात होते.

"हिला कुठं काय झालंय?" आबा म्हणाले. "चांगली टमटमीत दिसतीया. चल, आवर. मुकादम थांबलाय, कोयता धरायचा का न्हाई ते सांगायचंय."

मी चकली खाली ठेवली आणि भिंतीला धरायला हात पुढं केला, पण तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पदरानं हात पुसत पुसत ती माझ्या आणि आबांच्या मधे उभी राहिली.

"तुमाला बाळंतिणीतलं काय कळतंय?" ती म्हणाली. "वरून चांगली दिसती. आतून रिकामी झालीया पोरगी. रगत भरून यायला लई टाइम लागतो. आख्खा हिवाळा लागंल. मी न्हाई येनार ह्या साली."

माझ्या आठवणीत आईनं आजवर उसाला नाही म्हटलं नव्हतं. तापात गेली होती, टाके ओले असताना गेली होती. मला हंगामी वसतिगृहाच्या दारात सोडून, मागं वळून न बघता गेली होती. आत्ताही ती दमलेय असं म्हणाली नाही, माझ्यानं होत नाही असं म्हणाली नाही. तिला माझं नाव पुढं करावं लागलं. मग ती माझ्याकडं वळली आणि तिनं विचारलं, "न्हाई का गं, वर्षे?" त्या विचारण्यात भीती होती, मी हसेन की काय अशी.

"हो आबा," मी म्हणाले. "मला लई आशक्तपना हाय. आईला न्हाई सोडायची मी."

आबा खुर्चीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ आईच्या तोंडाकडं बघत राहिले. मग खिशातून फोन काढून त्यांनी मुकादमाला लावला. "आवंदा आमचा कोयता धरू नको," ते म्हणाले. "न्हाई न्हाई, तसं काय न्हाई. पोरगी बाळंतीन हाय. घरची तिच्यापाशी ऱ्हानार. व्हय. आवंदा न्हाई." फोन बंद करून त्यांनी तो खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "त्या रगताच्या गोळ्या जरा जास्तीच्या आनत जा. दोघींना पुरतील आशा."

"दोघींना कशाला?" आई म्हणाली. "मला काय झालंय?"

आबांनी मान खाली घातली. "गेल्या साली मोळी डोक्यावर घेतली की तुजे व्हट पांढरे पडायचे," ते म्हणाले. "म्या बघितलंय. सांगनार कुनाला, म्हनून तुज्या मोळ्या घिऊन मीच फळीवर चढायचो."

आई उभीच राहिली. मग तिनं माझ्याशेजारी दिवाणावर बसून घेतलं.